न कापलेला व्हिडिओ

सोमवार, ३ फेब्रुवारी

यार्डातून निघताना दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक पिवळं जाकीट आणि दुसरी ही कोरी नोंदवही. बावीस वर्षं पाळी संपली की नोंद लिहीत आलो. किती लोड उचलले, कोणता दोर बदलला, कुणाला इजा झाली का, झाली तर किरकोळ की गंभीर. आता उचलायला काही नाही, तरी लिहिल्याशिवाय अंगावरचे कपडे काढवत नाहीत.

मी क्रेनचा सिग्नलमन. वर केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला खाली काय चाललंय ते दिसत नाही. तो फक्त माझे हात बघतो. मी बोट फिरवलं की दहा टन लोखंड वर जातं, हात आडवा केला की जागच्या जागी थांबतं. आमच्याकडचा जाड्या नावाचा ड्रायव्हर मी थांब म्हटल्यावर दोन फूट पुढे गेला. खाली चार माणसं होती. मी शिडी चढून वर गेलो आणि त्याला कॉलरला धरून खाली आणलं. येताना त्याचा जबडा शिडीवर आपटला. चौकशीवाल्यांनी लिहिलं, तीनदा आपटला. आता शिडी म्हटल्यावर पायऱ्या एकापेक्षा जास्त असणारच.

मला काढलं, जाड्याला आजारपणाची रजा दिली. चार माणसं वाचवल्याचं बक्षीस.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नोकरी मिळवून देणाऱ्या कचेरीत गेलो. तिथला माणूस उन्हातही टाय लावून बसतो, म्हणून मी त्याला टायवाला म्हणतो. त्यानं माझा बायोडाटा दोन बोटांत धरून वाचला आणि म्हणाला, कागद आता कुणी वाचत नाही. जुन्या जागी फोन करून विचारलं तर तुमचं काय होईल ते तुम्हालाच माहीत. त्यापेक्षा व्हिडिओ पाठवा. कागद बोलत नाही, तुमचे हात बोलतील.

हे मला पटलं. एक मोठी कंपनी बंदराचा धक्का बांधतेय, त्यांना सिग्नलमन हवेत आणि त्यांनी स्वतःच व्हिडिओ मागवलाय. अटी लिहून आणल्या. आधी दोन मिनिटं स्वतःबद्दल, मग उभा राहून सगळे सिग्नल, मग हात जवळून. व्हिडिओ सलग हवा, कुठेही कापायचा नाही, जोडायचा नाही. लोक चांगले चांगले तुकडे चिकटवून पाठवतात म्हणून ही अट. टायवाला म्हणाला, ही अट ऐकून निम्मे लोक पळतात. मी म्हटलं, लोड हवेत असताना मधला तुकडा कुठे कापता येतो? तो हसला. बऱ्याच दिवसांनी कुणी माझ्या बोलण्यावर हसलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीतली पांढरी भिंत मोकळी केली. घड्याळ, कॅलेंडर, पोरीचं, चिंगीचं शाळेतलं प्रशस्तिपत्रक, सगळं उतरवलं. फोन हिच्या, बायकोच्या हातात दिला. फोन माझाच. हिचा मी डिसेंबरपासून कपाटात कुलूपबंद ठेवलाय, बहिणीशी तासन् तास बोलणं चालायचं आणि मी आत आलो की एकदम गप्प.

तीन टेक झाले. पहिल्यात मी नाव सांगताना अडखळलो. दुसरा आणि तिसरा चांगला चालला होता. वर घ्या, खाली घ्या, बूम म्हणजे क्रेनचा लांब हात फिरवा, सगळं साफ. मग तातडीनं थांबण्याचा सिग्नल आला. त्यात दोन्ही हात एकदम बाहेर फेकायचे असतात. नेमकं तिथेच चित्र हललं. दोन्ही वेळा तिथेच. भिंत, छत, पुन्हा भिंत.

हिला म्हटलं, हात लुळे पडलेत का तुझे? सॉरी म्हणाली. हिचं सॉरी म्हणजे वाहत्या नळाचं पाणी.

सोमवार, १० फेब्रुवारी

टेक चार ते सात. चारही वाया.

दर वेळी तोच सिग्नल, तोच धक्का. मी पुढच्या टेकला मुद्दाम हळू हात बाहेर काढले, तेव्हा चित्र हललं नाही. पण तातडीचा सिग्नल हळू देऊन कसं चालेल? बघणारा म्हणेल, हा माणूस झोपेत आहे. सातव्या वेळी पाच मिनिटं सगळं बिनचूक झालं आणि शेवटी फोन हिच्या हातातून पडलाच. तळपायाची आग मस्तकात गेली. एक दिली. मनगट धरून फोन पुन्हा हातात कोंबला, तेव्हा तिचं मनगट जरा पिरगळलं असावं. किरकोळ.

ही दार लावून भांडी घासत बसली. भांडी संपली तरी नळ चालूच होता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तीन दिवस हिचं मनगट सुजलेलं, म्हणून सुट्टी. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी जिन्यात विचारलं, सूनबाईंच्या हाताला काय झालं? मी म्हटलं, व्हिडिओ काढताना मुरगळला. खोटं काही बोललो नाही. मावशी हिला स्वतःची सून असल्यासारखं सूनबाई म्हणतात, हे मला आधीपासून खटकतं.

टायवाल्यानं फोनसाठी तीन पायांचा स्टँड देऊ केला. घरी आणून लावला. चित्र दगडासारखं स्थिर, पण माझे हातच उठेनात. सिग्नल द्यायला समोर बघणारं कुणी लागतं. त्या काळ्या ठिपक्याला हात करून दाखवताना मी भूत हाकलत असल्यासारखा दिसत होतो. शिवाय शेवटी हात जवळून घ्यायचे, तेव्हा फोन पुढे कोण आणणार? स्टँड परत केला.

संध्याकाळी मात्र मजा आली. चिंगी तेराची आहे, नकला करण्यात पटाईत. जेवताना तिला भाजी नको होती तर तिनं बोट खाली करून गोल फिरवलं, म्हणजे पातेलं खाली घ्या. मग तिच्या आईला मीठ हवं होतं तर दोन्ही अंगठे आत करून बूम आत घ्या. अगदी बरोबर. माझी पोरगी. मी पोट धरून हसलो, मग त्या दोघीही हसल्या. लोक उगाच म्हणतात की घरात मी हसू देत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज नोंद लिहायला हात जड झाला आहे, पण नियम म्हणजे नियम.

टेक आठ ते तेरा. दहावा उत्तम झाला होता. चेहरा हसरा, आवाज खणखणीत. पण पुन्हा तोच झटका. मी हिला विचारलं, तू मुद्दाम करतेस का? मला नोकरी मिळू नये असं आहे का तुझ्या मनात? ही काही बोलेना. उत्तर न देणं हा सगळ्यात मोठा उद्धटपणा. स्टूल फेकलं, ते कपाटाच्या आरशाला लागलं. आरसा गेला. मग मी हिला भिंतीशी घेतलं, त्याच पांढऱ्या भिंतीशी.

तेवढ्यात चिंगी मध्ये येऊन उभी राहिली. पाय फाकवून, दोन्ही हात आडवे ताणून. तातडीनं थांबा. पण तळवे वरच्या बाजूला होते, ते खाली हवेत. मी तिला म्हटलंही की तळवे चुकले. मग तिला बाजूला केलं. जरा जोरात झालं. दाराची कडी कपाळाला लागली. टाके नाहीत, कापूस लावून भागलं.

त्यानंतर तीन टेक काढले, पण माझाच आवाज चिरकत होता. पोरगी मध्ये आली नसती तर हिचं मी आज काय केलं असतं कुणास ठाऊक. म्हणून चिंगीवर माझा राग नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

झाला. सोळावा टेक.

हिनंच सुचवलं की फोन छातीशी दोन्ही हातांत घट्ट धरते आणि पाठ दाराला टेकवते. मग हलला तरी थोडाच. तसंच केलं. हात जवळून घ्यायला तेवढी पुढे आली, मग पुन्हा दाराशी गेली. पाच मिनिटं बत्तीस सेकंद. थांबण्याच्या सिग्नलला चित्र किंचित दचकतं, पण ज्याला माहीत नाही त्याला कळणार नाही. शेवटी हात जोडून धन्यवाद म्हटलं आणि फोनकडे चालत आलो.

दचकलंच कशाला, एवढं विचारायला गेलो. आनंदातच होतो खरं तर. एक दिली असेल, एकच. मग आंघोळीला गेलो. आतूनच ओरडून सांगितलं, लगेच पाठव, एक सेकंदही कापू नकोस, नाहीतर बाद करतील. फोनवर काही पाठवायचं म्हटलं की माझी बोटं जाड, हे काम तिचंच. बाहेर आलो तेव्हा म्हणाली, पाठवला. मी व्हिडिओ लावून बघितला. धन्यवाद म्हणेपर्यंत. पुढे काय, मी चालत येताना दिसतो.

मला मी आवडलो. बऱ्याच वर्षांत असं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काही नाही. फोन दिवसभर हातात. ही आणि चिंगी चवड्यांवर चालल्यासारख्या वावरताहेत. त्यांनाही काळजी असणार. नोकरी काय एकट्या माझी आहे?

सोमवार, २४ फेब्रुवारी

फोन आला. कंपनीच्या भरती विभागातल्या बाई. आवाज शांत, जरा जास्तच शांत. व्हिडिओ पूर्ण पाहिला म्हणाल्या. एकटीनं नाही, चार जणांनी बसून पाहिला. बुधवारी प्रत्यक्ष चाचणीला या, दिवसभर लागेल. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग म्हणाल्या, ज्यांनी चित्रण केलं त्यांच्याशी बोलायला लागेल, नियम आहे, व्हिडिओ खरा असल्याची खात्री करतात. मी फोन स्पीकरवर टाकला आणि हिच्यासमोर धरला. जे बोलणं झालं ते तसंच लिहितो.

"चित्रण तुम्ही केलंत?"

"हो."

"अगदी शेवटपर्यंत?"

"हो."

"त्यात जे आहे ते सगळं खरं आहे?"

"हो."

"बुधवारी सर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आमच्याकडे असतील. तुम्हाला चालेल ना?"

ही माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून सांगितलं, बोल. "चालेल," म्हणाली. बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

मोठ्या कंपनीची रीतच वेगळी. घरच्या बाईला विचारतात, चालेल का. आमच्या यार्डात बायकोला कुणी विचारलं होतं? मी हिला म्हटलं, बघ, तुझीही मुलाखत झाली. ही हसली नाही, पण तिचे डोळे भरून आले. शेवटी तिलाही माझं कौतुक आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी. सकाळ

इस्त्रीचा शर्ट. बूट चिंगीनं पुसले, न सांगता. तिचं दप्तर आज इतकं जड होतं की उचलताना वाकली. मी म्हटलं, पुस्तकं वाचतेस की खातेस? कपाळावरची जखम अजून पिवळी आहे. जाताना तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी तिला वर घ्या असा सिग्नल केला, म्हणजे मान वर. तिनं केली.

बुधवार, २६ फेब्रुवारी. संध्याकाळ

आधी चाचणीचं लिहितो, क्रमानं.

चाचणी उत्तम झाली. खरी क्रेन, खरा लोड. एकदा घेतली, मग म्हणाले पुन्हा घेऊ. दुसऱ्यांदा घेतली. मग दोन तास बसवलं. मग जेवण. मग पुन्हा बसवलं. तीनदा चहा. एक धिप्पाड माणूस सारखा माझ्या शेजारी, स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत सोबत. मी म्हटलं, पळून जाणार नाही मी. तो म्हणाला, माहितेय.

त्या भरतीवाल्या बाई चार वाजता आल्या. टेबलाच्या पलीकडेच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"थांबण्याचा सिग्नल कुणी दिला तर मानायचा?"

हा तर पहिल्या दिवशीचा धडा. मी सांगितलं, "कुणीही. झाडूवाल्यानं दिला तरी. बाकी सगळे सिग्नल फक्त माझे, पण थांबा म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. न मानणाऱ्याला यार्डात उभं करू नये."

त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मला वाटलं, नोकरी खिशात. त्या म्हणाल्या, कळवू.

सव्वासातला घरी आलो. दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे होतीच. आत गेलो तर कपाट उघडं, हिचा अर्धा भाग रिकामा. तिचा फोन ठेवलेल्या कप्प्याचं कुलूप तोडलेलं. चिंगीच्या पलंगावर चादर नाही. पांढऱ्या भिंतीवरून मी उतरवलेलं प्रशस्तिपत्रक कोपऱ्यात ठेवलं होतं, तेही नाही.

खाली जाऊन मावशींचं दार वाजवलं. उघडेनात. लाथ घातली. बिजागरी निखळली, दार अर्ध्यात लटकलं. मावशी आत कणीक मळायची परात छातीशी धरून उभ्या होत्या. मी विचारलं, कुठे आहेत माझी माणसं? म्हणाल्या, "माझे हातपाय तोडलेस तरी सांगणार नाही." मी परात ओढली. त्यांच्या बोटांतून रक्त आलं. सत्तरीच्या बाईचं रक्त आणि मी तिच्या घरात उभा. तेवढ्यात वरून-खालून माणसं आली आणि मला धरलं. मीही दोघांना लोळवलं. एकाचं नाक फुटलं, माझा दात हलतोय.

गंभीर.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

परवा रात्रीच पोलीस येऊन घेऊन गेले, काल सोडलं. हजेरी लावायची, मावशींच्या मजल्यावर थांबायचं नाही, बायको-मुलीला शोधायचं नाही, अशा तीन अटी. सही केली.

चौकीतल्या पोलीसबाई माझ्या मुलीच्या वयाच्या नसल्या तरी मोठ्या बहिणीच्या असतील. मी त्यांना म्हटलं, घरात भांड्याला भांडं लागतं, कुणी तुमचे कान भरलेत, पुरावा काय? त्यांनी माझा फोन माझ्याच हातात परत दिला. म्हणाल्या, "पुरावा तुम्हीच पाठवलाय. आमच्याकडे आहे, कंपनीकडे आहे, तुमच्याकडेही आहे. शेवटपर्यंत बघा."

नोकरीचंही उत्तर आलं. एका ओळीचं. आपली निवड झालेली नाही.

शनिवार, १ मार्च. दुपार

बघितला.

पाच बत्तीसला मी धन्यवाद म्हणतो. तिथून पुढे लिहितो.

मी हसत चालत येतो. चित्र मागे सरतं, पण पाठीला दार आहे, जागा नाही. मग छत. मग फरशी. मग चित्रात काहीच नाही, नुसता आवाज. मी एक लिहिलं होतं. ऐकताना मोजले. पाच. पाचव्यानंतर काहीतरी दारावर आदळतं, ते तिचं डोकं असणार, कारण त्यानंतर ती हुंदकाही देत नाही. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मला वाटलं घरात आणखी कुणीतरी शिरलंय. मी त्याला सोडला नसता.

मग न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज. पाणी. मग चित्र उचललं जातं आणि तिचा चेहरा येतो. सोळा टेकांत पहिल्यांदा. ओठ फाटलेला. ती आधी स्वतःचं नाव सांगते, माहेरचं, पूर्ण. मग म्हणते:

"मी यांची बायको. वय एकोणचाळीस. लग्नाआधी चार वर्षं दवाखान्यात केसपेपर लिहायचे. टायपिंग येतं, शिवण येतं, पडेल ते काम करीन. मला तेरा वर्षांची मुलगी आहे, तिचं कपाळ त्यांनी फोडलंय. तुम्ही म्हणाल चित्र का हलतं. त्यांचे हात वर गेले की माझे हलतात. फोन चांगला आहे. यांना एक दिवस तुमच्याकडे बोलावून ठेवा, तेवढ्यात आम्ही दोघी निघू. ते व्हिडिओ स्वतः दिसेपर्यंतच बघतात, म्हणून इथे बोलतेय. मला फोन नाही. खालच्या मावशींना निरोप द्या."

मग ती मावशींचा नंबर सांगते, दोनदा, एकेक आकडा सुटा करून. आतून माझी हाक ऐकू येते, लगेच पाठव, एक सेकंदही कापू नकोस. ती दाराकडे बघून "हो, पाठवते" म्हणते, पुन्हा फोनकडे बघते आणि व्हिडिओ संपतो.

अकरा दिवस हे माझ्या खिशात होतं. मी ते छातीशी घेऊन चाचणीला गेलो, चहा प्यालो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिंतीवर ठोसा मारला, बोटांची कातडी गेली. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तिला कुठून शोधून काढायचं याचा विचार करत होतो, तिची बहीण, तिचा दवाखाना, चिंगीची शाळा. तिसऱ्यांदा नुसता बसून बघितला.

कुठेही अडखळली नाही. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. टायवाला सांगायचा तसं थेट समोर बघत होती. माझा हात फोनवर कापत होता, तिचा त्यात जराही हलत नाही. मला सोळा टेक लागले, तिनं एकातच केलं, तेही मी भिंतीपलीकडे असताना.

मी त्या भरतीवाल्या बाईंच्या जागी बसलो असतो, आणि दोन्ही बघितले असते, तर मीही तिलाच घेतलं असतं.